मोठी आई, तेल आणि ओवीचा दंड

जिची मला आयुष्यभर भीती वाटली, ती बाई आज सकाळी गेली.

तिचा जीव दवाखान्यात गेला. ऑक्सिजन लावलेला, हातात सुई. आमच्या रायपुरातल्या भनपुरीच्या गुरुघरातल्या जुन्या लोकांना हे अजूनही पटणार नाही. न पटू दे.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. गुरुघरात, म्हणजे आमच्या पंथाच्या सभेच्या जागी, तेल लावायचा मान तिचा.

ज्यांना आमचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पंथात औषध वर्ज्य. लेकरू तीन महिन्यांचं झालं की त्याच्या डाव्या दंडाला समईचं तेल लावतात, मग ते गुरुघराचं. ज्याच्या अंगात सुई गेली त्याला तेल नाही. तेल नाही तर लग्नाला कोणी येणार नाही, मयताला खांदा नाही.

आम्हा सगळ्यांचे दंड कोरे. शाळेत बाकीच्या पोरींच्या दंडावर लसीचा व्रण असायचा आणि मी मात्र ऐटीत फिरायचे. अक्कल नव्हती, दुसरं काय.

माझी ओवी दवाखान्यात झाली. नर्सने विचारलं, टीका लगा दें? म्हणजे लस टोचू का? मी हो म्हणाले.

नीलेश, माझा नवरा, एवढंच बोलला, "किसी को बोलना मत."

ती तीन महिन्यांची झाली आणि तेलाचा दिवस आला. मे महिना, रायपूरचं ऊन, आणि माझी लेक फुल बाह्यांच्या स्वेटरमध्ये. बायका हसत होत्या.

मोठ्या आईने बाही वर सारली.

व्रण तिथेच होता. लालसर, डाळीएवढा.

तिने तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. तिने त्या व्रणावर अंगठा ठेवला आणि तेल लावलं. मंत्रसुद्धा पूर्ण म्हटला.

नंतर स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "कितीकदा टोचलं?"

"तीनदा."

"पुढचं एकही चुकवू नोको. अन् इथं कोणाले सांगू नोको."

मी तिच्या पाया पडले. इतकं सुटल्यासारखं वाटलं की बाहेर येऊन दोन लाडू खाल्ले.

पुढचे सात महिने ती गुरुघरात पुढे बसून तेच सांगत राहिली, औषध नको, तेल पुरे. आणि मी मागे बसून मान हलवत राहिले. नवव्या महिन्यात ओवीला गोवराची लसही देऊन आणली, बाजारात जाते म्हणून सांगून.

मग आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गोवर आला.

आमच्याच गुरुघरातल्या सुनंदाताईची लेक परी, चार वर्षांची. अंगावर पुरळ, डोळे लाल, ताप उतरेना. आमच्याकडे आजारी लेकराला सभेत मधोमध बसवतात आणि बाकीच्या सगळ्या लेकरांनी त्याला हात लावायचा. दुखणं वाटून घेतलं की हलकं होतं म्हणे.

तेवीस लेकरांनी परीला हात लावला. मी मोजत होते. ओवीला मी पदराखाली घट्ट धरून बसले होते, तरी कोणीतरी तिचा हात ओढून लावलाच.

आठवड्याभरात परी गेली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात अकरा लेकरं तापाने फणफणली. ओवी खेळत होती.

रविवारी मितानिन दीदी, म्हणजे आमच्या पाऱ्यात सरकारी आरोग्याचं काम करणारी बाई, नर्सला घेऊन गुरुघराच्या दारात आली. आमच्या माणसांनी दार अडवलं. ती बाहेरून हात जोडत होती. आत पोरं खोकत होती. मोठी आई पुढे बसलेली, दगडासारखी.

माझं डोकं फिरलं. मी उठले, ओवीचा झबला काढला आणि तिचा दंड सगळ्यांसमोर धरला.

एक काका ओरडले, हिला बाहेर काढा, हिने तेल बाटवलं.

तेव्हा मोठी आई उठली.

"तेल मी लावलं. पाहून लावलं. पोट्टी ठणठणीत हाय. दीदीले आत घ्या."

कोणी हललं नाही. शेवटी तिनेच जाऊन कडी काढली.

अर्धी मंडळी त्याच दिवशी गुरुघर सोडून गेली. उरलेल्यांची पोरं आज कार्ड घेऊन लसीला जातात, आणि तेलही लावून घेतात. लोक मोठ्या आईला धाडसी म्हणतात. सकाळपासून व्हॉट्सअॅपवर तेच चाललंय.

होती धाडसी. पण सात महिने उशिरा. हे तिला माहीत होतं. दर गुरुवारी ती सुनंदाताईच्या दारात जाऊन बसायची. दार कधी उघडलं नाही.

आज सुनंदाताई आली. मयताकडे पाहिलं, फूल वाहिलं. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू बोलली,

"त्याईनं नाई सांगितलं, ठीक हाय. तुनं काहून नाई सांगितलं मले?"

मोठ्या आईनेच गप्प राहायला सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं.

"भेले होते," एवढंच म्हणाले.

ती मान हलवून निघून गेली. शेजारी ओवी उभी होती. आठ वर्षांची.

मोठी आई, तू माझी लेक वाचवलीस. परीला आपण दोघींनी जाऊ दिलं. तुझ्या वाट्याचं तू भोगलंस, माझं मला भोगायचंय.

शेवटचा नमस्कार.