पिठाची चाळण आणि मिलिंदचा वायफाय

आम्ही एकत्र सुट्टीला गेलो की परत येताना धुवायच्या कपड्यांपेक्षा किस्से जास्त साठलेले असतात. कपडे दोन मशीनभर धुतले की संपतात. किस्से मात्र इथे न्यूझीलंडमध्ये, आमच्या लोअर हट गावात कुणाकडेही जेवायला बसलं की पुन्हा वाढले जातात, आणि दर वेळी मिलिंद म्हणतो, "वर्षा, तू मीठ जास्त घालतेस." घालते. पण पदार्थ खरा आहे.

आम्ही म्हणजे मी, हॉस्पिटलच्या फार्मसीत. माझा नवरा सतीश, त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. आमची मैत्रीण सुनंदा, नर्स. आणि तिचा नवरा मिलिंद. त्यांची मुक्ता सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मंदीचं वर्ष होतं. भारताची तिकिटं परवडेनात, म्हणून आत झोपायची-रांधायची सोय असलेली एक मोठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली, फेरीबोटीत घातली आणि साऊथ आयलंडला निघालो.

मिलिंदची एकच अट होती. रविवारी संध्याकाळी साडेपाचला वायफाय पाहिजे. तेव्हा औरंगाबादेत सकाळचे दहा वाजतात आणि त्याची आई इस्त्रीची साडी नेसून, रिक्षा करून सायबर कॅफेत नातीला बघायला येते. "आई तशीच परत गेली ना, तर मला आठवडाभर अन्न गोड लागत नाही," तो म्हणाला. या अटीला कुणीही हसलं नाही. बाकी सगळ्याला हसलो.

* * *

मिलिंदचा धंदाच नेटवर्कचा. वेलिंग्टनमधली निम्मी ऑफिसं तो जोडून देतो. पहिल्या कॅम्पग्राऊंडवर पोचलो तर तळ्याकाठची झाडाखालची सुंदर जागा आमच्या नावावर होती. मिलिंद लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, दूध सांडू नये अशा बेताने सगळा कॅम्प फिरून आला आणि म्हणाला, "ही जागा नको. अँटेना ऑफिसच्या छपरावर आहे. आपण गाडी तिथे लावू."

तिथे म्हणजे कचऱ्याच्या डब्यांशेजारी. दोन दिवस आम्ही दुसऱ्यांचा कचरा बघत चहा प्यायलो. सिग्नल एकच काडी. कारण काय, तर व्हॅनची बॉडी पत्र्याची, आत काही शिरतच नाही. "हे तुला आधी माहीत नव्हतं?" सुनंदाने विचारलं.

"माहीत होतं," मिलिंद म्हणाला. "पण ऑफिसं पत्र्याची नसतात गं."

* * *

तिथे वायफायचं व्हाउचर मिळायचं. ठरावीक डेटा, संपला की संपला. मिलिंदने सगळ्यांना तंबी दिली की रविवारपर्यंत कुणी मेल बघायची नाही, क्रिकेटचा स्कोअर तर मुळीच नाही. सतीशने बिचाऱ्याने स्कोअरसाठी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्याशी मैत्री केली, त्याच्या रेडिओपायी दोन तास रग्बीवरचं भाषण ऐकलं.

शनिवारी व्हाउचर संपलं. कुणी खाल्लं? मिलिंदच्याच लॅपटॉपने. मालक झोपला होता तेव्हा त्याने आपले आपण अपडेट्स उतरवून घेतले होते.  सतीश जेवताना मिलिंदला म्हणाला, "लॅपटॉपला विचार, पोटभर झालं का?"

* * *

पहिला रविवार उजाडला तो नेल्सनच्या पुढच्या एका कॅम्पात. नवीन व्हाउचर घेतलं. सिग्नल फक्त लाँड्रीत. तेव्हा मिलिंद, सुनंदा आणि मुक्ता तिथे दोन मशीनच्या मधे स्टुलावर बसले. मिलिंदने सुट्टी म्हणून दाढी केलेली नव्हती. मागे दोरीवर आमचे सगळ्यांचे कपडे.

कॉल लागला. आई दिसल्या. "जय भीम, कुठे बसलायस रे?" त्यांनी विचारलं. मिलिंद म्हणाला, "आई, सध्या आम्ही गाडीतच राहतो. इथे कपडे धुवायला आलोय." आणि तेवढ्यात चित्र गोठलं. मिलिंदचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मग कॉल गेला तो गेलाच.

आता हे लक्षात घ्या, की त्या वर्षी औरंगाबादच्या पेपरात रोज येत होतं की परदेशात लोकांच्या नोकऱ्या जातायत, घरं जातायत, लोक गाड्यांमध्ये राहतायत. आई पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

* * *

सोमवारी मिलिंदने फोन केला. कार्ड संपेपर्यंत समजावलं. इथे लोक पैसे देऊन असं राहतात, ही सुट्टी असते, घर आहे तिथेच आहे.

आई म्हणाल्या, "पैसे देऊन कोण गाडीत राहील? मी डोळ्यांनी पाहिलंय, मिलिंदा. मला फोनवर गोड बोलू नकोस."

मग त्यांनी सांगितलं की मागची खोली त्या आता भाड्याने देणार नाहीत. मिलिंद वर्षभर त्यांच्या मागे लागला होता, की एकट्या राहू नका, कॉलेजच्या दोन मुली ठेवा, सोबत होईल. मोठ्या मुश्किलीने त्या तयार झाल्या होत्या. मुली ठरल्यासुद्धा होत्या. आता त्या मुलींना नाही म्हणून कळवायचं होतं, कारण मुलगा कधीही परत येईल.

मिलिंद फोन ठेवून व्हॅनच्या पायरीवर बसला. "ती एकटी पडली की मला इथे झोप नाही लागत," म्हणाला. "रविवारी मला ती नीट दिसली पाहिजे, आणि तिला आम्ही." त्या दिवशी आम्ही त्याची चेष्टा केली नाही. मंगळवारपासून पुन्हा सुरू केली.

* * *

कारण मंगळवारी त्याने माझी पिठाची चाळण पळवली.

चाळण मी बरोबर नेली होती, कारण आमच्या डॉक्टरांना न चाळलेल्या पिठाची भाकरी चालत नाही. मिलिंदने वायफायचा यूएसबीचा तुकडा चाळणीच्या मधोमध बांधला, लांब वायर जोडली, चाळण झाडूच्या दांड्याला आणि झाडू व्हॅनच्या शिडीला. "जाळी स्टीलची आहे. सिग्नल गोळा करते," म्हणाला. मी म्हटलं, "आणि भाकरी?" तर म्हणतो, "रविवारपर्यंत ब्रेड खा."

कॅम्पचा मॅनेजर रबरी चपला फटफटवत आला. वर बराच वेळ बघून त्याने विचारलं, मासे धरताय का? मिलिंद म्हणाला, सिग्नल. त्याने विचारलं, काही लागलं? मिलिंद म्हणाला, अजून नाही. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, म्हणाला मॅनेजर, आणि धीर देऊन निघून गेला.

पण खोटं कशाला बोलू, दोन दिवसांत चार काड्या आल्या. माझ्या चाळणीचं मला कौतुकच वाटलं.

* * *

दुसरा रविवार, टेकापोच्या तळ्याकाठी. मिलिंदने दाढी केली, सुट्टीत पहिल्यांदाच शर्ट खोचला. लॅपटॉप बाहेर बाकावर, चाळण ऑफिसकडे तोंड करून. साडेपाचला आई आल्या, इतक्या स्पष्ट की साडीचे काठ दिसत होते. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मिलिंदने सगळं दाखवलं. तळं दाखवलं.

"तळं कुणाचं आहे?" आई.

"कुणाचं नाही, आई. सगळ्यांचं."

"म्हणजे हाकलणार नाहीत."

फ्रिज दाखवायला सुनंदाने दार उघडून धरलं. "दूध आहे," आई स्वतःशीच म्हणाल्या. गाद्या दाखवल्या, शेगडी दाखवली. आईंचा चेहरा जरा सैल झाला.

तेवढ्यात सतीश आला. अंगावर चड्डी, खांद्यावर पंचा, हातात खरकट्या भांड्यांचं टोपलं, सार्वजनिक स्वयंपाकघरात घासायला निघालेला. आणि अनवाणी. इथे राहून त्याला ती सवय लागलीय, दुकानातसुद्धा तसाच जातो. त्याने टोपलं खाली ठेवून हात जोडले.

"हे कोण?"

"डॉक्टर सतीश, आई. आमच्या वर्षाचा नवरा."

आई त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळे बाजूला व्हा. मला मुक्ताशी बोलायचंय."

आम्ही बाजूला झालो. आईंनी विचारलं, "बाळा, तू सांग. तुमचं घर आहे ना?"

"It's a holiday, Aji. We do this for fun."

मिलिंद लांबून मराठीत सांगायला लागला. आई म्हणाल्या, "तू नको सांगूस. ती सांगेल."

मुक्ताने आमच्याकडे बघितलं. मग एकेक शब्द शोधत म्हणाली, "आजी, घर आहे. आम्हाला इथे मजा येते."

आईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तो तसाच धरून ठेवला.  मिलिंदला वाटलं पुन्हा चित्र गोठलं, तो चाळणीकडे धावला.

"बरं," आई म्हणाल्या. "मजा करा. त्या मुलींना मी उद्या बोलावून घेते, पण मागच्या खोलीत नाही, पुढच्या खोलीत. मागची राहू दे." आणि जरा पुढे वाकून, आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "आणि मिलिंदा, येशील तेव्हा त्या डॉक्टरांनाही घेऊन ये. पायात काही नाही बिचाऱ्यांच्या."