न सांगितलेले वीस गुण

दहावीला बहुतेक विषयांत ऐंशी गुणांचा पेपर असतो आणि वीस गुण शाळेच्या हातात असतात. हे अंतर्गत गुण आम्ही शिक्षक देतो, खरं म्हणजे वाटतो. प्रकल्पाची वही न आणणाऱ्यालाही माझ्या गणितात अठरा मिळतात. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्याला मात्र ते मिळत नाहीत. त्याला सगळे गुण पेपरातच मिळवावे लागतात, आणि त्याचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत.

गेल्या वर्षी शाळेचा शंभर टक्के निकाल एका मुलामुळे हुकला. तो माझ्याच विषयात नापास झाला होता. मुख्याध्यापक सगळ्या स्टाफसमोर हसत म्हणाले, "सर, यंदा गणितानं आम्हाला बुडवू नका." मला ते लागलं. यंदा परीक्षेचे अर्ज भरायच्या आधी कच्च्या मुलांवर नजर फिरवली, तेव्हा माझ्या वर्गात नापास होईल असं एकच नाव उरलं होतं. अळणावरजवळच्या खेड्यातली ती मुलगी केलगेरीला मामाकडे राहून शिकत होती. गणित सोडलं तर बाकी ठीक होती.

मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते लाकडाच्या वखारीत कामाला. दुपारच्या बसनं आले आणि खुर्चीच्या काठावर बसले. मी त्यांना समजावलं की तिला शाळेतून काढून बाहेरून बसवलं तर हजेरीची कटकट राहणार नाही, घरी निवांत अभ्यास होईल. दर वर्षी कितीतरी मुलं असंच करतात, हेही सांगितलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. वीस गुणांचं मी बोललो नाही. त्यांनी एकच विचारलं, "पोरीचं काही नुकसान नाही ना सर?"

मी म्हणालो, "नाही हो अप्पा. तिच्या भल्याचंच सांगतोय."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या अर्जावर सही केली. कन्नडमध्ये, सावकाश.

निकाल लागला. शाळा शंभर टक्के. गेटवर बॅनर लागला, त्यात मुलांच्या फोटोंखाली शिक्षकांचेही फोटो होते. त्याच आठवड्यात कळलं की ती मुलगी गणितात सात गुणांनी नापास झाली.

नापास झालेल्यांसाठी पुन्हा होणाऱ्या दुसऱ्या परीक्षेपर्यंत तिला शिकवायला मी आपणहून केलगेरीला जाऊ लागलो. पैसे घेतले नाहीत. तिच्या मामीला त्याचं फार कौतुक वाटायचं, चहाबरोबर काहीतरी खायला ठेवायची. मला ते खाववत नसे, तरी खायचो. मुलगी मुकाट्यानं गणितं सोडवायची. एके दिवशी वही बंद करून तिनं विचारलं, "सर, मी शाळेतून बसले असते तर इंटर्नल किती दिले असते?"

खोटं बोलता आलं असतं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांचे गुण तिला ठाऊक असणार, हे लक्षात आलं म्हणून बोललो नाही, एवढंच.

"अठरा."

"मग मी पास होते."

"होय."

तिनं बंद वही बाजूला सारली. मग म्हणाली, "अप्पांना वाटतंय मी अभ्यासच केला नाही. दोन महिने झाले, माझ्याशी धड बोलत नाहीत. तुम्ही त्यांना सांगा." तिचा आवाज चढला नव्हता. मी सांगतो म्हणालो.

दुसऱ्या परीक्षेत ती पास झाली, पण तोवर तिला हव्या त्या कॉलेजातल्या सायन्सच्या जागा भरून गेल्या होत्या आणि तिनं आर्ट्स घेतलं. वडील पेढे घेऊन शाळेत आले. ती त्यांच्या मागे दोन पावलं उभी होती. त्यांनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मुलीकडे वळून म्हणाले, "सर घरी येऊन शिकवत होते म्हणून निभावलं. नाहीतर ही कसली पास होते. पहिल्यांदाच नीट अभ्यास केला असतास तर सायन्स मिळालं नसतं का?"

ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. स्टाफरूममध्ये तेव्हा चार-पाच शिक्षक बसले होते. त्यांच्यासमोर कसं बोलायचं, मागाहून गेटपाशी गाठून सांगू, असं मी स्वतःला म्हणालो.

"हुशार आहे हो पोरगी," मी म्हणालो आणि पेढा तोंडात टाकला. गेटपर्यंत मी गेलो नाही.