पाखरानं टोचलेला पेरू

चित्रातली फळं बघितली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते. दवाखान्यात जा, हॉटेलात जा, नाहीतर कुणाच्या नव्या घरातल्या जेवणाच्या टेबलामागची भिंत बघा. तीच लालबुंद सफरचंदं, तीच टोपलीतून सांडलेली द्राक्षं आणि वर पाण्याचे थेंब. आमच्या कर्जत तालुक्यात असली फळं कुणाच्या ताटात मी तरी पाहिली नाहीत. माहेरी लिंबाची बाग आहे, बांधाला पेरू आणि सीताफळं आहेत, पण चांगलं फळ आम्ही कधी खाल्लं नाही. चांगलं ते बाजारात जायचं. टोचलेलं, उकललेलं, डाग पडलेलं घरात यायचं, आणि खरं म्हणजे गोडही तेच असायचं.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा हट्टानं आमचं ताट रंगवायला घेतलं. शाळेत मी गणित शिकवते, चित्रं काढणं ही नुसती हौस. वहीच्या पानाएवढा कागद आणि जलरंग. जर्मनच्या ताटलीत पाखरानं टोचलेला एक पेरू, तपकिरी डागांची दोन लिंबं आणि एक उकललेलं सीताफळ, त्याच्या भेगेत दोन मुंग्या. पेरूची ती टोचलेली जागा जमायला मला तीन दिवस लागले. कडेला गुलाबी, आत जरा काळपट. जमली तोवर खरा पेरू सडून गेला होता.

वडिलांनी ऐंशी ओलांडली आहे. मुळातच कमी बोलणारे, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून तर हो-नाहीच्या पुढे जात नाहीत. त्यांनी चित्र हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि म्हणाले, "ह्यो इहिरीवरच्या झाडाचा पेरू. त्येला राघू ठिवीत न्हाईत." मग त्या झाडाबद्दल ते चक्क अर्धा तास बोलले. रोप कुठून आणलं, पहिल्या वर्षी शेळीनं शेंडा कसा खाल्ला, सगळं. मी हातातलं काम सोडून ऐकत बसले. हे चित्र त्यांच्या खाटेसमोर लावायचं, रोज दिसलं तर रोज दोन शब्द तरी बोलतील, असं मी ठरवून टाकलं.

मिरजगावला स्टँडजवळ एक फ्रेमवाला आहे. आमच्याकडचे देव आणि गेलेली माणसं त्याच्याच दुकानातून भिंतीवर चढतात. त्याला चित्र दिलं आणि साधी लाकडी पट्टी, वर काच, बाकी काही नको, असं दोनदा बजावलं. पुढच्या रविवारी कागदात गुंडाळलेली फ्रेम घेतली आणि थेट वडिलांसमोर नेऊन कागद सोडला.

तळपायाची आग मस्तकात गेली. सोनेरी नक्षीची चौकट, आकार दुप्पट, आणि आत माझं चित्र नव्हतंच. चकचकीत कागदावरची छपाई होती. पेरू गुळगुळीत, लिंबं पिवळीधमक, सीताफळाची भेग बुजवलेली, मुंग्या गायब. वर पेरूवर पाण्याचे तीन थेंब! वडिलांनी बघितलं, "चांगलं हाय," म्हणाले आणि कूस बदलली.

मी त्याच पावली दुकान गाठलं. फ्रेमवाल्याला माझा राग समजेचना. त्याचं म्हणणं, कागदाला ओल लागून डाग पडले असतील असं त्याला वाटलं, मुंग्या रंगात चिकटून मेल्या असतील असं वाटलं, म्हणून कॉम्प्युटरवर दीड तास बसून त्यानं सगळं नीट केलं होतं, आणि त्याचे पैसेही लावले नव्हते. मी म्हटलं, अहो, तो डाग म्हणजेच चित्र होतं! मग माझा तोंडाचा पट्टा सुटला. आहे ते आहे तसं बघायची लाज वाटते का तुम्हाला, खऱ्याचं खोटं करायचा अधिकार कुणी दिला, असं मी इतक्या मोठ्यानं बोलत होते की शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ताई, डाग ऱ्हाऊ द्या म्हननारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलंच न्हाई."

माझं मूळ चित्र फेकून तर दिलं नाही ना, या धास्तीनं मी ते मागितलं. त्यानं फळीवरून एक खोकं काढलं. फ्रेम नवी झाली की जुना फोटो कुणी मागतच नाही, ते सगळे त्यानं त्यात जपून ठेवले होते. माझं चित्र वरच होतं, धड होतं. मला हायसं वाटलं. तो मात्र अजून खाली चाचपत राहिला आणि एक छोटा फोटो काढून त्यानं माझ्यापुढे धरला.

"ह्यो बी तुमचाच. तवा न्यायचा ऱ्हायला."

आई होती. लिंबाच्या ढिगाशी बसलेली, पदर मागे घसरलेला, उन्हानं रापलेली, मिश्रीनं काळे झालेले दात दाखवत तोंड भरून हसणारी. ती गेल्याच्या चौथ्या दिवशी याच दुकानात उभी राहून मी त्याला एकेक सांगितलं होतं. तोंड मिटलेलं दाखवा, रंग उजळ करा, गालावरचा तीळ काढा, गळ्यात ठुशी घाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांत बरं दिसायला हवं, असंही म्हटलं होतं. सगळं बोट लावून लावून सांगितलं होतं. राग गेला नव्हता, पण आता तो त्या माणसावर काढायला मला तोंड नव्हतं. स्वतःचीच अशी चीड त्याआधी मला कधी आली नव्हती.

घरी येऊन दोन्ही कागद वडिलांच्या हातात दिले. चित्र त्यांनी उशाशी ठेवलं. फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिले.

"ही हाय," ते म्हणाले. "त्या भिंतीवरल्या बाईसंगं मला दोन वर्सं बोलताच आलं न्हाई."