अकोल्याच्या उन्हाळ्यात मुरलेल्या सिगारी

घरात तंबाखू मुरत ठेवणारा आमच्या खानदानातला पहिला माणूस मी. माझ्याआधीच्या सगळ्या पिढ्यांनी ती मळली, चुना लावला आणि जागच्या जागी संपवली. साठा करायचा प्रश्नच कधी आला नाही.

मी स्वतः काही ओढत नाही. (सुपारीच्या खांडानंही मला ठसका लागतो.) उभी हयात अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवला, 'क्यूबा : ऊस आणि तंबाखू' हे फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतलं, एवढाच माझा आणि सिगारचा संबंध. पण निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी जपायला लागतं. शहाणे लोक तब्येत जपतात. माझ्या नशिबी सिगारी आल्या.

त्या आणल्या माझ्या मेव्हण्यानं. सुधाकर जहाजावर नोकरीला आहे आणि दर सुट्टीत तो अकोल्यात कोणाच्याही कामी येणार नाही अशी एक वस्तू घेऊन येतो. मागच्या खेपेला बर्फात घालायचे बूट होते. या खेपेला कागदात बांधलेली सिगारींची जुडी.

"भाऊजी, आत्ताच कोनाले देऊ नोका," तो म्हणाला. "ठेवा काही दिवस. जितकी मुरते तितकी भारी होते."

"लोणच्यावानी?" सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"तसंच समज, ताई."

"मंग लोणचंच काहून नाई आणलं?"

ती जुडी मी खरं तर कपाटावर टाकून विसरलो असतो. पण त्याच आठवड्यात आमच्या पल्लवीनं पुण्याहून फोनवर सांगितलं की तिनं आपलं लग्न आपणच जमवलं आहे. मुलगा तिच्याच ऑफिसातला, अनिकेत देशमुख, अमरावतीचा. आता फक्त दोन्हीकडचे आईबाप एकदा भेटायचे बाकी होते. मुलाचे वडील मोठे सरकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, परदेश पाहिलेले. त्यांच्या मते सुसंस्कृत वऱ्हाड अमरावतीत सुरू होतं आणि अमरावतीतच संपतं. अकोला म्हणजे ऊन आणि कापसाच्या गाड्या.

"बाबा, त्यांच्याशी नीट बोला," पल्लवी म्हणाली. "अन् त्यांना सिगारचा फार शौक आहे. अनिकेतच्या आईंना अजिबात आवडत नाही, पण ते कोणाचं ऐकत नाहीत."

पोरीनं पुढे बरंच काही सांगितलं असणार. मी 'शौक'पाशीच थांबलो. अमरावतीच्या माणसाला अकोल्याच्या मास्तरानं जेवणानंतर मुरलेली सिगार पुढे करायची. त्यानं डोळे मिटून झुरका घ्यायचा आणि म्हणायचं, 'सर, मानलं तुम्हाला.' अशी सगळी भेट माझ्या मनात पार पडलीसुद्धा.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला बसलो. त्यात एक दाढीवाला परदेशी गृहस्थ सिगारीशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलत होता. त्याचं म्हणणं, सिगारीला सुगंधी लाकडाची पेटी लागते, बेताचा गारवा लागतो आणि हवा दमट लागते. हे मी एप्रिल महिन्यात, अकोल्यात ऐकत होतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये दोरीवर टाकलेलं धोतर दुसरं टोक टाकेपर्यंत वाळतं. भूगोलाच्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं. पण भूगोल मी फक्त शिकवला होता.

पेटी घरातच सापडली. सासूबाईंनी सुनंदाला लग्नात दिलेला सागवानी डबा कोठीच्या खोलीत रिकामाच पडला होता.

"त्यात हिंग राहत होता," सुनंदा म्हणाली.

"सुगंधी लाकूडच पाहिजे म्हणतात."

"हिंगाले सुगंध म्हणणारा तुमचा गोरा मले एक डाव दाखवा."

ओलावा म्हणून साबणाच्या डबीत भिजवलेला स्पंजचा तुकडा ठेवायचा होता. साधं पाणी सिगारीला चालत नाही, शुद्धच लागतं. म्हणून मी बॅटरीवाल्याकडून इन्व्हर्टरमध्ये टाकायचं पाणी आणलं. आमच्या भागात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो, आणि मी तंबाखूला शुद्ध पाणी पाजत होतो. हवेतला ओलावा मोजायचं एक घड्याळही मागवून डब्यात बसवलं. शेवटी राहिला गारवा. कोठीच्या खोलीच्या दारात मी कूलर नेऊन लावला, तोंड आत करून.

"आपण इकडे शिजून राहिलो अन् बिड्यांले कूलर," सुनंदा म्हणाली. त्या सिगारी आहेत हे तिनं शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

"अवं, लेकीच्या भल्यासाठीच करून राहिलो न मी."

"लेक पुण्यात हाय. थंडगार हापिसात बसली हाय."

दिवस बरे चालले होते. मी सकाळ-संध्याकाळ डबा उघडायचो, घड्याळ पाहायचो, सिगारींची कूस बदलायचो. पल्लवीला आजारपणात मी कधी इतकं पाहिलं नव्हतं, असं सुनंदा म्हणाली. (हे खोटं आहे. गोवर आला होता तेव्हा पाहिलं होतं.) एके दिवशी सिगारींवर पांढरे ठिपके दिसले आणि माझा आनंद गगनात मावेना. व्हिडिओवाला म्हणाला होता की उत्तम मुरलेल्या सिगारीवर पांढरी, नाजूक भुकटी येते. मी सुनंदाला हाताला धरून आत नेलं.

तिनं डब्यात वाकून पाहिलं. "बुरशी हाय."

"तुले नाई समजत. हे मुरल्याचं लक्षण हाय."

"हेच लोणच्यावर आलं तं बरणीसकट फेकाले लावता. बिड्यांवर आलं तं मिरवून राहिले."

ती गेल्यावर मी व्हिडिओ पुन्हा, या वेळी शेवटपर्यंत पाहिला. बुरशीच होती. मी मऊ फडक्यानं एकेक सिगार पुसून काढली आणि याबद्दल घरात चर्चा होऊ दिली नाही.

मग भोकं दिसली. टाचणीनं पाडावीत तशी, गोल आणि स्वच्छ. दाढीवाल्यानं यावर एक वेगळाच व्हिडिओ केला होता आणि त्यात तो पहिल्यांदाच घाबरलेला दिसत होता. तंबाखूत मोहरीएवढा तपकिरी किडा असतो. हवा उबदार झाली की अंड्यातून बाहेर येतो आणि आतून पोखरत निघतो. उपाय एकच, सिगारी फ्रीजरमध्ये गोठवायच्या. मी त्या कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून, व्याह्यांसाठी साठवलेल्या आमरसाच्या डब्यामागे सरकवल्या. काम फत्ते झालं असं मला वाटलं. तो किडा फक्त तंबाखूच खातो असं नाही, ही बाब त्या गृहस्थानं शेवटच्या वाक्यात सांगितली होती. शेवटची वाक्यं ऐकायची सवय मला अजूनही लागलेली नव्हती.

देशमुख यायच्या आदल्या दिवशी सकाळी कोठीच्या खोलीतून सुनंदाचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हे. फार शांत आवाज होता, म्हणून मी लगेच उठलो.

"अवो, इकडे या. हळद चालून राहिली."

मी गेलो. हळद खरंच चालत होती. डब्याच्या कडेनं हळदीत माखलेले पिवळेधम्मक किडे रांगेनं वर येत होते. शेजारी वर्षाचं तिखट होतं, ते तर जागच्या जागी सळसळत होतं. धण्यांमध्येही वस्ती झाली होती. वर्षभराचा मसाला आम्ही त्याच महिन्यात कुटून भरला होता. आमच्या घरात इतकं गार, इतकं दमट आणि इतकं खाऊनपिऊन सुखी दुसरं कोणी नव्हतं.

सुनंदानं एक किडा बोटावर घेतला, उजेडात धरला आणि मग त्या सागवानी डब्याकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे.

"बिड्या कुठी हायत?"

"फ्रीजात."

"कायले?"

मी सांगितलं. तिनं गच्चीवर चादरी अंथरल्या, सगळा मसाला उन्हात पसरला आणि शेजारणीकडून वाटीभर हळद आणि वाटीभर तिखट उसनं आणलं. जाता जाता एवढंच म्हणाली, "उद्या पोरीची सोयरीक तुटली तं मी माहेरी नाई जाणार. तुमाले पाठवीन."

दुसऱ्या दिवशी देशमुख मंडळी गाडीनं आली. पल्लवी आणि अनिकेत पुण्याहून आधीच आले होते. देशमुख साहेब उंच, पांढऱ्या मिशीचे. त्यांनी घामानं भिजलेला रुमाल घडी करत "अकोला तापतं खरं" असं म्हटलं, जणू तापमान मी ठेवलं होतं. त्यांच्या पत्नी शांत, नजरेनं सगळं टिपणाऱ्या. त्या अमरावतीत एक महिला मंडळ चालवतात असं कळलं.

जेवण झालं. आमरसाची पहिली वाटी घेताना देशमुख साहेब जरा थांबले. "रसाला काहीतरी वेगळी चव आहे," म्हणाले. मी "गावरान आंबा" म्हणालो. अनिकेतनं दुसरी वाटी मागितली नाही. सुनंदा माझ्याकडे पाहत नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं.

माझ्या जागी शहाणा माणूस असता तर तिथं थांबला असता. मी उठलो, सिगारी सागवानी डब्यात नीट मांडल्या, भोकं खालच्या बाजूला केली आणि डबा घेऊन बैठकीत आलो.

"साहेब, खास तुमच्यासाठी घरी मुरवल्या आहेत."

"बाबा, प्लीज," पल्लवी म्हणाली.

पण देशमुख साहेबांच्या डोळ्यांत मी इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो आदर दिसला. त्यांनी एक सिगार उचलली, नाकाखालून फिरवली. "वास खूप वेगळा आहे हो, सर."

"मुरलेला आहे."

त्यांच्या पत्नीनं मान दुसरीकडे वळवली. साहेबांनी टोक कापलं, काडी ओढली, डोळे मिटून झुरका घेतला. क्षणभर सगळं माझ्या मनातल्यासारखंच झालं. मग खोलीभर हिंगाचा वास पसरला.

"सुनंदाताई," देशमुख बाईंनी आत हाक मारली, "वरणाले फोडणी देऊन राहिल्या काय?"

"नाई, जेवणं तं झाली," आतून आवाज आला.

तेवढ्यात सिगार तडतडली. आधी एकदा, मग लागोपाठ, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. देशमुख साहेबांनी ती तोंडातून काढून डोळ्यांसमोर धरली. परदेशी शिष्टाचार गळून पडला आणि अस्सल भाषा बाहेर आली.

"मास्तर, हे तडतडून काहून राहिलं?"

"क्यूबाची माती..." मी सुरुवात केली. पुढं क्यूबाच्या मातीबद्दल मला काहीच आठवेना.

आणि फ्रीजरनं सगळ्यांचा जीव घेतलेला नव्हता. थंडीनं नुसता गारठलेला एक जण उबेनं जागा होऊन, सिगार तोंडात असतानाच मागच्या टोकानं बाहेर पडला होता आणि आता देशमुख साहेबांच्या पांढऱ्या मिशीवरून सावकाश चालू लागला. सगळ्यांना दिसला. ज्यांच्या मिशीवर तो होता, त्यांना सोडून.

पल्लवीनं चेहरा झाकला. शेवटी देशमुख बाई उठल्या, नवऱ्याजवळ गेल्या आणि चिमटीनं तो किडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. इतकी वर्षं डॉक्टर सांगून राहिला, आत जाऊन काय करते ते तुमाले दिसत नाई. आता दिसलं?"

साहेबांनी तळहाताकडे पाहिलं, सिगारीकडे पाहिलं, आणि उठून थेट बेसिनकडे गेले. तिथून चूळ भरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाई मात्र हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. त्यांचं पाहून सुनंदाही हसली. मग पल्लवी. अनिकेत हसत नव्हता, तो चष्मा काढून डोळे पुसत होता, पण खांदे हलत होते. त्या घरात मी एकटाच गंभीर उभा होतो, हातात डबा धरून.

"सुनंदाताई," देशमुख बाई म्हणाल्या, "तारीख काढा. ज्या घरानं एका झुरक्यात हे केलं, त्या घरची पोरगी मले सोडाची नाई."

लग्न झालं. देशमुख साहेबांनी त्यानंतर सिगारीला हात लावलेला नाही. दुकानात नुसती दिसली तरी त्यांना हिंगाचा वास येतो म्हणे. एवढ्यावर प्रकरण मिटतं तर ठीक होतं. पण मागच्या महिन्यात विहीणबाईंच्या महिला मंडळानं मला व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा म्हणून अमरावतीला बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. 'एक शब्दही न बोलता ज्यांनी व्यसन सोडवलं' अशी ओळख करून दिली. भाषण मी थोडक्यात उरकलं, कारण मला सांगण्यासारखं काही नव्हतं. शेवटी एक बाई उभ्या राहिल्या.

"सर, दुसऱ्याचं व्यसन सोडवायला स्वतःचंही काही सोडावं लागतं म्हणतात. या कार्यात तुम्हाला काय सोडावं लागलं?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पहिल्याच रांगेत बसली होती. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"अर्धं घर," मी म्हणालो. "कोठीच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात मला आता प्रवेश नाही."

सभागृहाला त्यात त्याग दिसला. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.