नकली रेशमाची पांजण

लग्न होऊन मी नागपूरच्या विणकर वस्तीत आले, तेव्हा सासरच्या मागावर नुसती सुती लुगडी होत. सुताची रीत अशी, की ताणा, म्हणजे उभे धागे, सकाळी गल्लीभर खुंट्यांना बांधायचा, ज्वारीच्या पिठाची खळ पाजायची, कुंच्याने झाडायचा आणि ओला असतानाच करकचून ओढायचा. याला पांजण म्हणतात. ओलं सूत चिवट होतं, तुटत नाही. सायकलवाले उतरून वाकून जात, कुणी कुरकुर करत नसे.

नणंदेचं लग्न ठरलं आणि तिने हट्ट धरला, लुगडं चकचकीतच पाहिजे, तेही घरचं विणलेलं. सासूबाईंनी पिवळंधमक नकली रेशीम मिळवलं. लाकडाच्या लगद्याचा धागा तो, कारखान्यात निघालेला. आमच्या घरात पहिल्यांदाच आला.

सासूबाईंनी त्याला घट्ट खळ पाजली. एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी.

"ओढ वं! भाकर खाल्ली नाही काय सकाळी?"

मी ओढलं. तटतट, तटतट! धागे मधूनच गेले.

नणंद धावत आली. "माह्या लुगड्याचं असं काहून करून राहिल्या तुमी?"

सासऱ्यांनी एक कोरडा धागा ओढून पाहिला, एक ओला. "सैल करा गा आधी," ते ओरडले. "सुताचं उलटं आहे याचं. वाळला त धड, ओला झाला का मेला."

ताणा सैल करून सावलीत वाळवला. अखंड धागे उरले ते जेमतेम दोन काठांपुरते. लग्न तोंडावर, दुसरं रेशीम कुठून आणायचं? मग मधलं अंग जांभळ्या सुताचं घेतलं, काठ तेवढे पिवळे.

"मधात सुती! लोक हसतीन मले," नणंद रुसली, जेवली नाही.

"हसू दे. मांडवात फाटलं असतं त जास्त हसले असते," सासूबाई म्हणाल्या.

मांडवात वरपक्षाच्या बाया काठ चाचपून पाहू लागल्या. "असं कुठी भेटते हो?"

सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "भेटत नाही. आमच्यात नवरीचं असंच विणते."

नणंदेची मान ताठ झाली. मी सासऱ्यांकडे बघायचंच टाळलं, हसू फुटलं असतं. पुढच्या लगीनसराईत दोन घरांनी तसंच लुगडं मागितलं. त्याच्या काठाला आम्ही पातळ खळ दिली आणि ताणा सैलच ठेवला.