दादाची कमान

दुकानातले किस्से कोणी गोळा करत नाही. भट्टीच्या राखेसारखे आपोआप साचतात. दादा गेल्यापासून झाडू मारायला गेलो की एकेक वर येतो.

अकोल्यात आमचं ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवर ओझं झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, दुरुस्त करायचं दुकान. ओझ्याने सपाट झालेला पाटा तापवायचा अन् ठोकून पुन्हा वाकवायचा. त्या वाकाला म्हणतात कमान. मी पाटा धरायचो, दादा ठोकायचा.

*

एकदा जोशात दादाने जास्तच कमान दिली. गाडी दगडासारखी कडक! ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी परत.

"भाऊ, चांदूर बाजारात संत्री भरली, अकोल्यात ज्यूस उतरवला!"

*

शाळा आम्ही दोघांनीही लवकर सोडली, पण दादाच्या डोक्यात एक किडा होता.

"कमान हा शब्द आला कुठून बे?"

"ट्रकमधून."

"अन् ट्रक नव्हते तवा?"

मी हसलो. तो हसला नाही.

*

अमरावतीला दादासाठी मुलगी पाहायला गेलो. सगळे स्वयंपाकाचं विचारतात, दादाने कमान शब्दाचं विचारलं! मुलगी म्हणाली, "आधी लगन करा, मंग सांगीन."

लग्न झालं. वहिनी म्हणाली, "मले तरी कुठं माहीत हाय!"

*

दादा छातीत कळ येऊन दुकानातच गेला. बाजूचे टायरवाले रहीमचाचा घरी येऊन बसले. बोलता बोलता मी दादाच्या किड्याचं सांगितलं.

चाचांनी मान खाली घातली. "फारसी लफ़्ज़ है बेटा. कमान म्हणजे धनुष्य. त्यानं मले कावून नाही विचारलं?"

दादा रोज त्यांच्यासोबत चहा प्यायचा. गावभर विचारलं, बाजूला विचारायचं राहिलं. मीही कधी सुचवलं नाही.

*

दहाव्याला मोर्णेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. "काही इच्छा राहिली असंन," सगळे म्हणाले.

मामा म्हणाले, "तुह्या पोराले शिकवू!" कावळा झाडावरच.

वहिनी म्हणाली, "घर सांभाळीन मी." कावळा झाडावरच.

ऊन चढलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडून एकदम निघालं, "दादा, कमान म्हणजे धनुष्य!"

"काय येड्यासारखा बोलून राहिला बे?" मामा खेकसले.

मागे उभे असलेले रहीमचाचा हळूच म्हणाले, "फारसी है, वो भी बोल."

मी तेही ओरडून सांगितलं.

कावळा खाली उतरला.