चार आत, सहा बाहेर

"ताव जातोय! अगं, ताव जातोय!" असं ओरडत आमचे मेस्त्री दिवसातून पन्नासदा तरी बायकोच्या अंगावर धावून जात. लोखंड भट्टीत लाल झालं की ते ऐरणीवर येईपर्यंत त्यांना दम निघत नसे. भाता ओढणारी ती, म्हणजे आमची अक्का, शांतपणे म्हणायची, "जाऊ दे. परत येतंय की." या उत्तरानं मेस्त्री आणखीच भडकत.

कुंभारवाडा गावात उळवीच्या वाटेवर त्यांचं लोहारकामाचं छप्पर होतं आणि समोर माझी एका मास्तराची मराठी शाळा. मुलांचे पाढे आणि मेस्त्रींचा आरडाओरडा एकमेकांत मिसळून जात. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो दिवसभर रागावला नाही तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात. आमच्याकडे ते मेस्त्री होते. कोयते, कुऱ्हाडी ते करतच, पण त्यांचा खरा लौकिक बैलगाडीच्या चाकांचा. चाकावर लोखंडी धाव चढवावी तर याच माणसानं, असं पार खानापूरपर्यंत बोललं जाई. हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि तीच पंचाईत होती.

एका दुपारी त्यांच्या नाकातून रक्ताचे थेंब तापल्या लोखंडावर पडले आणि चरचरले. "उष्णता हाय," म्हणत त्यांनी नाकाला फडकं लावलं आणि पुन्हा घण उचलला. तो पेलेना. भिंत धरून ते खाली बसले. "मास्तर, डोस्क्यात कोनतरी घण घालाय लागलंय." त्यांचा तो बारीक झालेला आवाज ऐकून माझी पाचावर धारण बसली.

हल्याळचे डॉक्टर फिरतीवर सुप्याला आले होते. मेस्त्रींना गाडीत घालून आम्ही तिकडे नेलं. डॉक्टरांनी दंडाला रबरी पट्टी बांधली, नळीतला पारा पाहिला, पट्टी सोडली आणि पुन्हा बांधून पाहिला. मग त्यांनी मला सोडून अक्कालाच जवळ बोलावलं.

"यांच्या रक्ताचा दाब फार वाढलाय. खात्रीचं औषध माझ्यापाशी नाही. मीठ कमी करा. रोज सकाळ-संध्याकाळ यांना सावकाश श्वास घ्यायला लावा. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मध्ये कोंडून धरायचा नाही. आणि संताप, घाई बंद. नाहीतर एखाद्या दिवशी ऐरणीवरच कोसळतील."

"श्वास घ्यायला शिकाय सुप्यापातूर आलाव व्हय!" परतताना मेस्त्री गाडीत कुरकुरत होते. अक्का बोटांवर मोजत होती.

आता माझी हुशारी ऐका. मेस्त्रींना संथ गती म्हणून ठाऊक नव्हती. चार म्हणेपर्यंत ते दोनदा श्वास घेऊन मोकळे होत. मी म्हटलं, "भाता आहे की घरात. अक्का सावकाश ओढेल. भाता फुगला की आत, दबला की बाहेर."

झालं. रोज संध्याकाळी विझलेल्या भट्टीसमोर मेस्त्री मांडी घालून बसत आणि अक्का भाता ओढी. निखारे नसत, नुसती राख उडे. येणारे-जाणारे हसत, "मेस्त्री, राख शिजली काय?" पूर्वी यावर सांडशी फेकून मारली असती. आता मेस्त्री सहा पूर्ण करून मगच शिवी देत. महिन्याभरानं डॉक्टरांनी पुन्हा पट्टी बांधली. "उतरलाय थोडा. पण बिनघोर राहू नका." मी मात्र गावभर मिशीला पीळ देत फिरलो.

माघात उळवीच्या जत्रेच्या गाड्या सुरू झाल्या. पहिल्याच गाडीच्या धावेचा तुटलेला सांधा जोडायचा होता. त्याला पांढरा ताव लागतो, म्हणजे भाता भरभर ओढायला हवा. अक्कानं हात चालवला आणि मेस्त्रींची छाती भात्यामागं धावू लागली. महिनाभर आम्ही त्या छातीला तेच तर शिकवलं होतं! चेहरा लालबुंद झाला, कानशिलावरची शीर उडू लागली. अक्कानं दोरी सोडून दिली.

"धावा बंद," ती म्हणाली. "मास्तर, तुमचा भाता काय कामाचा न्हाई."

मी मान खाली घातली. तीन गाड्या तशाच परत गेल्या. मेस्त्री पाठ फिरवून विळ्यांना धार लावत बसले. त्यांना तसं बसलेलं पाहवत नव्हतं.

रथाच्या आदल्या दिवशी दुपारी खानापूरकडची एक गाडी लंगडत आली. धाव तुटलेली. आत एक थकलेली म्हातारी. "मेस्त्री, आई उद्या रथाला पोचाय पायजे," गाडीवान हात जोडून म्हणाला. "फुडल्या साली ती न्हाई यायची."

मेस्त्रींनी अक्काकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्यांनी बायकोला कामाचं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"करू?"

अक्कानं भात्याची दोरी हातात घेतली. "करा. पन माज्या हाताकडं बघू नगासा. माजं बोलनं आयका."

भट्टी पेटली. अक्काचा हात भरभर चालू लागला आणि तोंड सावकाश. "ए...क. दो...न. ती...न. चा...र." घामानं ती भिजली होती, हात दिसेनासा झाला होता, पण आकडा एकदाही घाईत पडला नाही. मेस्त्री डोळे मिटून उभे. आम्ही सगळे नकळत तसाच श्वास घेत होतो. लोखंड पांढरं झालं. सांडशीनं ते ऐरणीवर आलं, गाडीवानानं घण उचलला, मेस्त्रींचा हातोडा जागा दाखवू लागला. अक्का मोजतच होती. सांधा बसला. मेस्त्री उभे होते.

"ताव गेला न्हाई," ते हळूच म्हणाले. अक्का तिथंच खाली बसली. तिला धाप लागली होती. मी मेस्त्रींना पाणी दिलं.

पुढच्या पावसाळ्यात हिवतापानं पाच दिवसांत अक्का गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा मेस्त्री गार भट्टीसमोर बसले होते. काय बोलावं सुचेना, म्हणून मी आकडे म्हणू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मास्तर, तिनं माजा श्वास मोजला. तिचा कुनी मोजला?"

सांधा बसला त्या दिवशीचं पाणी मीच तर दिलं होतं, मेस्त्रींना.

धावेचं काम त्यांनी पुन्हा हाती धरलं नाही. पण ते जगले, बरीच वर्षं. माझी बदली झाली त्या संध्याकाळी निरोप घ्यायला गेलो, तर छपरातून भात्याचा आवाज येत होता. भट्टी विझलेली. मेस्त्री अक्काच्या जागी बसून स्वतःच दोरी ओढत होते आणि तिच्यासारखेच आकडे लांबवत होते. समोरची त्यांची जागा रिकामी होती. मी दारातच उभा राहिलो. सहा झाल्यावर ते जरा थांबले, समोर पाहिलं, आणि पुन्हा एकपासून मोजू लागले.